खेळ खेळणारी बोटे खेळ घडवतील तेव्हा

वार्षिक परीक्षा संपली की पनवेल, कळंबोली, खांदा कॉलनीतल्या घराघरांत एकच तंटा सुरू होतो. वडील तळोजा एम.आय.डी.सी.तली पाळी संपवून येतात, हातपाय धुऊन होत नाहीत तोच त्यांचा मोबाईल मुलाच्या हातात गेलेला असतो. आई ओरडते, आजी कुरकुरते, आणि मुलगा गेममधून मान वर काढत नाही. या तंट्यात सातवी-आठवीतला एखादा मुलगा किंवा मुलगी कधीतरी बोलून जाते, "मला पण असा गेम बनवायचाय." घरातली मोठी माणसे हसतात आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू देऊ नये, असे आम्हाला वाटते.

गेम खेळणे आणि गेम घडवणे यांत भाकरी खाणे आणि भाकरी थापणे एवढे अंतर आहे. पूर्वी गेम घडवायचा तर संगणकाची भाषा आधी घोटावी लागे. आता अगदी नवख्यांसाठी वेगळी सॉफ्टवेअर निघाली आहेत आणि त्यांतली चांगली म्हणावीत अशी बरीचशी फुकट आहेत. पण त्यांच्याभोवती बाजारही उभा राहिला आहे. म्हणून त्यांत चांगले काय आणि कमी काय, हे पालकांनी आधी समजून घ्यावे. पालकांना संगणक येत नसला तरी चालेल.

उंबरठा ठेंगणा

या सगळ्याच्या मुळाशी सेमूर पॅपर्ट हे नाव आहे. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. तरुणपणी तिथल्या वर्णभेदाविरुद्ध उभा राहिलेला हा गणिती पुढे अमेरिकेत गेला. १९६७ साली त्याने सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. मुलांच्या साधनाचा उंबरठा ठेंगणा असावा आणि छप्पर उंच असावे, हा त्याचा आग्रह होता. म्हणजे पहिल्याच दिवशी आत येता यावे, आणि मोठे झाल्यावर डोके आढ्याला लागू नये.

त्याच वाटेने अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेत मिचेल रेस्निक आणि त्यांच्या गटाने २००७ साली 'स्क्रॅच' लोकांपुढे आणले. यात काही टाईप करून आज्ञा द्यायच्या नसतात. रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून सगळे बंद पडले, असे होत नाही. नवशिका मूल पहिल्या तासाला जिथे हात टेकते तिथे हे सॉफ्टवेअर त्याला सांभाळून घेते. स्क्रॅचचे हे सगळ्यात मोठे बळ.

उदाहरण घेऊ. मुलीला गेम करायचा आहे: पनवेल स्टेशनच्या फलाटावर लोकल लागते, हातात डबा घेतलेले बाबा धावत जाऊन ती पकडतात. पकडली तर एक गुण, सुटली तर एक संधी कमी. बाबांचे चित्र तिने स्वतः काढायचे. बाण दाबला की बाबा पुढे सरकतात, यासाठी एक ठोकळा. लोकल सारखी येत-जात राहावी, यासाठी 'कायम करत राहा' असा दुसरा. 'जर लोकलला स्पर्श झाला, तर गुण एकने वाढव' असा तिसरा. बाबांच्या तोंडी मराठी वाक्यही घालता येते.

आता गंमत पाहा. स्क्रॅचच्या पडद्याच्या मधोमध शून्य असते. आडवी मोजणी उणे २४० पासून अधिक २४० पर्यंत जाते, उभी उणे १८० पासून अधिक १८० पर्यंत. सहावी-सातवीच्या गणितात उणे संख्या फळ्यावर पाहून ज्या मुलीला कंटाळा येतो, तिला इथे बाबांना फलाटाच्या डाव्या टोकाला उभे करण्यासाठी उणे २०० लिहावेच लागते. दोन दिवसांत उणे-अधिक अंगवळणी पडते. कुणी शिकवणी घेतली नाही, छडी उगारली नाही.

पुढे हमखास एक अडचण येते. लोकल एकदाच पकडली, पण गुण मात्र एकदम तीस-चाळीस चढतात. असे का? कारण 'कायम करत राहा' म्हटल्यावर संगणक एका सेकंदात अनेकदा तपासतो की स्पर्श झाला का, आणि दरवेळी एक गुण देतो. हे मुलीने स्वतः शोधले आणि 'गुण दिल्यावर लोकल पलीकडच्या टोकाला पाठव' असा उपाय केला, की शिकण्याचे खरे काम झाले. चूक कुठे आहे ते शांतपणे शोधणे, एक गोष्ट बदलून पाहणे, पुन्हा चालवणे. मोटर रिवाइंडिंग करणारा कारागीर दुसरे काय करतो?

आढे डोक्याला लागते तेव्हा

कौतुक झाले, आता उणिवा. स्क्रॅचचा उंबरठा ठेंगणा आहे, पण छप्परही फार उंच नाही. गेम मोठा झाला की ठोकळ्यांची माळ इतकी लांबते की कुठला ठोकळा कशासाठी लावला हे ज्याचे त्यालाच कळेनासे होते. एका वस्तूच्या प्रतिकृती काढता येतात, पण एका वेळी ३०० च्या वर नाही. पडदा लहान, चित्रे साधी. सगळ्यात जास्त निराशा होते ती वेगळ्याच ठिकाणी. मुलाला वाटते की आपला गेम मित्राच्या मोबाईलमध्ये ॲप म्हणून जाईल. स्क्रॅच स्वतः तसे ॲप बनवून देत नाही. 'टर्बोवॉर्प' नावाच्या दुसऱ्या मोफत साधनाने गेमची वेगळी फाईल करता येते, पण हे कुणीतरी सांगावे लागते.

शिवाय मोबाईलच्या छोट्या पडद्यावर स्क्रॅचमध्ये गेम रचणे जमत नाही, त्याला कॉम्प्युटर किंवा टॅबलेट लागतो. आपल्याकडे मोबाईल घरोघरी आहे, कॉम्प्युटर मोजक्याच घरांत. ज्या साधनाला जगभर 'सर्वांसाठी' म्हणतात, ते आपल्या दारात येऊन असे अडते. त्यातल्या त्यात दिलासा एवढा की इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती आहे, काम पेनड्राइव्हवर नेता येते, आणि स्क्रॅचची १.४ ही जुनी आवृत्ती विंडोज एक्सपीच्या मशीनवरही चालते. एखाद्या ऑफिसने मोडीत काढलेला डबाही त्यासाठी पुरतो.

कॉम्प्युटर मिळण्याची शक्यताच नसेल तर 'पॉकेट कोड' पाहावे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या तंत्र विद्यापीठात सुरू झालेले हे मोफत काम आहे. ठोकळे स्क्रॅचसारखेच, पण गेम थेट अँड्रॉइड मोबाईलवर रचता येतो. उणीव अशी की बोटाने ठोकळे सरकवताना डोळे शिणतात आणि स्क्रॅचइतके शिकण्याचे साहित्य मिळत नाही. 'जीडेव्हलप' हेही मोबाईलवर चालते आणि त्यातून खरे ॲप निघते. मात्र मोफत वापरात असे किती ॲप बांधून घ्यायचे याला मर्यादा आहे.

भाड्याचे घर, हक्काचे घर

मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले, स्क्रॅच अपुरे पडू लागले, की पुढे काय? इथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. सॉफ्टवेअर फुकट मिळणे वेगळे आणि ते आपले असणे वेगळे. 'फ्लॅश' हे एके काळी हौशी गेम करणाऱ्यांचे लाडके होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर अडोबी कंपनीने ते बंद केले आणि असंख्य लहान गेम ब्राऊझरमध्ये उघडेनासे झाले. 'युनिटी' या नामांकित सॉफ्टवेअरच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की ठरावीक मर्यादेपलीकडे गेम जितक्या वेळा उतरवला जाईल, तितक्या वेळा पैसे लागतील. नवशिक्यांना ते लागू होणारच नव्हते, तरी जगभर ओरड झाली. वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीने तो आकार रद्द केला. पण घरमालक मनात येईल तेव्हा भाडे वाढवू शकतो, हे सगळ्यांना कळून चुकले.

या दृष्टीने 'गोडो' आम्हाला उजवे वाटते. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते रचले आणि २०१४ साली खुले केले. परवाना असा की कुणीही वापरा, बदला, विका, कुणाला काही देणे लागत नाही. आकाराने लहान, फार भारी मशीन मागत नाही. मात्र इथे ठोकळे नाहीत, आज्ञा लिहाव्या लागतात, आणि माहिती मुख्यतः इंग्रजीत. स्क्रॅचवर वर्षभर खेळलेल्या मुलाला जमते. पहिल्याच दिवशी हातात दिले तर आठवड्यात सोडून देईल. दोन्हींच्या मधली पायरी म्हणून 'गेममेकर' आहे. १९९९ साली मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकाने ते काढले. नोव्हेंबर २०२३ पासून, गेम विकायचा नसेल तर ते मोफत आहे.

घाबरवून विकणाऱ्यांपासून सावध

जुलै २०२० मध्ये नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, त्यात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख होता. लॉकडाऊनमुळे मुले घरात, पालक काळजीत. त्याच सुमारास मुंबईच्या 'व्हाइटहॅट ज्युनियर' या कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर आणि मोबाईलवर धडाधड दिसू लागल्या. लहान मुलगा ॲप बनवतो, परदेशी कंपनीकडून कोट्यवधींची नोकरी मिळवतो! जाहिरातीतला तो मुलगा काल्पनिक होता. जाहिरात मानक परिषदेकडे तक्रारी गेल्या आणि कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. दरम्यान ऑगस्ट २०२० मध्येच बायजूजने ती कंपनी ३० कोटी डॉलरला विकत घेतली होती. पुढे बायजूजचे काय झाले ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे.

सांगायचा मुद्दा असा की महागड्या वर्गांत लहान मुलांना जे ठोकळे जोडायला शिकवतात, तशाच ठोकळ्यांचे स्क्रॅच फुकट आहे. शिकवणाऱ्या माणसाचे मोल आम्ही नाकारत नाही. चांगला शिक्षक वस्तीत असेल तर त्याला मान द्यावा, फीही द्यावी. पण "आत्ता नाही घातले तर तुमचा मुलगा मागे पडेल" असे सांगून कुणी हप्त्यावर वर्ग गळ्यात मारत असेल, तर त्या दारातून परत फिरावे. बारा वर्षांच्या मुलाला गेम बनवता आला म्हणून नोकरी मिळत नसते. सांगणारा खोटे सांगतो.

मूल खरोखर शिकते आहे का, हे तपासायला संगणक यावा लागत नाही. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "हा ठोकळा काढला तर काय होईल?" मग काढून दाखवायला सांगा. त्याने आधी सांगितले तसेच झाले, तर त्याला कळले आहे. तयार गेमची नुसती चित्रे बदलून 'मी गेम केला' असे म्हणत असेल, तर ते उत्तराला अडखळेल. अशी चित्रे बदलायची ॲप पुष्कळ आहेत आणि त्यांतून फारसे काही हाती लागत नाही.

धारावीच्या मुलींनी काय केले

गरीब वस्तीतल्या मुलांना हे झेपते का, अशी शंका कुणी काढली तर धारावीकडे बोट दाखवावे. २०१४ च्या सुमारास नवनीत रंजन या चित्रपटकाराने तिथे 'धारावी डायरी' हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या शाळकरी मुलींनी एम.आय.टी.चेच 'ॲप इन्व्हेंटर' हे ठोकळ्यांचे साधन वापरून मोबाईल ॲप तयार केली. एक ॲप संकटात सापडलेल्या बाईसाठी: मोठ्याने भोंगा वाजतो, आपण कुठे आहोत ते घरच्यांना कळते. दुसरे पाण्यासाठी: सार्वजनिक नळावर आपला नंबर आला की निरोप येतो, तोपर्यंत रांगेत ताटकळावे लागत नाही. हे गेम नव्हेत, पण ठोकळे त्याच जातकुळीतले. शाळा बुडवून नळावर उभे राहणे कुणाच्या वाट्याला येते, ते त्या मुलींना माहीत होते. म्हणूनच असे ॲप त्यांना सुचले.

गेममध्येही हेच आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या गटाने 'राजी' नावाचा गेम केला. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी नेट सोडला नाही, आणि २०२० साली गेम जगभर विक्रीला आला. तो केला 'अनरियल' या मोठ्या सॉफ्टवेअरवर, नवशिक्यांच्या साधनावर नव्हे. पण अशा गेमला कोड लिहिणारा एकटा पुरत नाही. चित्र काढणारा, गोष्ट रचणारा, संगीत देणारा, असे सगळे लागतात. चित्रकलेच्या वहीत रमणाऱ्या मुलीला 'कॉम्प्युटर तुझे काम नव्हे' असे म्हणू नये ते याचसाठी.

घरी एकच मोबाईल आणि तोही वडिलांसोबत ड्युटीवर, अशी स्थिती असेल तर चार घरांनी मिळून एक जुना लॅपटॉप घ्यावा आणि विहाराच्या अभ्यासिकेत ठेवावा. एका वेळी दोन मुले बसवावीत, एकाने ठोकळे जोडावेत, दुसऱ्याने चुका शोधाव्यात, अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात. मुलींची पाळी आधी लावावी, नाहीतर ती शेवटी लागते आणि मग लागतच नाही. इंटरनेटवर गेम टाकताना मुलाचे खरे नाव, शाळा, फोटो टाकू नये. आणि पहिला गेम लहानच धरावा: एक लोकल, एक फलाट, डबा घेतलेले बाबा. कर्नाळ्याचा किल्ला आणि त्यावरचे पक्षी दुसऱ्या सुट्टीत.