समुद्र नाही, तरी प्लवक : रोटिफरच्या जारने शिकवलेलं संशोधन

पेट पास झाल्यावर मी समितीसमोर विषय मांडायला गेले. समुद्री माशांच्या पिल्लांचं जिवंत खाद्य, असं म्हटल्याबरोबर समोरून प्रश्न आला, "नांदेडला समुद्र कुठाय?" सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडे गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, समुद्र नाही.

मग हा विषय इथे जमतो का? जमतो. हे जीव दहा-वीस लिटरच्या भांड्यात राहतात आणि समुद्राचं पाणी मीठ मिसळून तयार करता येतं. अडचण दुसरीच आहे. संवर्धन मरतं, आणि मरण्याआधी ते सांगतं, पण आपण ऐकत नाही. माझं असंच मेलं आणि त्यात सहा महिने गेले. तुमच्यातले बरेच जण पेट, सेट, नेटच्या तयारीत आहात. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हा लेख.

हे खाद्य लागतं कशाला?

खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममधला क्लाउनफिश, म्हणजे तो केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचं अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि तोंड तर त्याहून कितीतरी लहान. कोरडं खाद्य ते ओळखतच नाही. समोर हलणारं, तोंडात मावणारं काहीतरी हवं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. अशा कुठल्याही हॅचरीत पिल्लांच्या टाकीआधी खाद्याच्या टाक्या उभ्या राहतात.

या खाद्यात तीन मुख्य नावं येतात :

१. रोटिफर (ब्रॅकिओनस). आकार साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. पिल्लाचा पहिला घास.

२. आर्टेमिया. याची कोरडी अंडी डब्यात मिळतात. खाऱ्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, हवा आणि उजेड दिला की साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. ती ०.४ ते ०.५ मिलिमीटरची असतात, म्हणून रोटिफरनंतर दिली जातात.

३. कोपेपॉड. पोषण सर्वांत चांगलं, पण वाढ सावकाश आणि दाटी सहन होत नाही. सुरुवात यापासून करू नका.

आपण आज रोटिफरवरच थांबू, कारण शिकायला याच्यासारखा जीव नाही. जपानमध्ये ईल माशांच्या तळ्यांत हा आधी डोकेदुखी मानला जायचा. १९६० मध्ये ताकाशी इतो यांनी तोच माशांच्या पिल्लांचं खाद्य म्हणून वाढवला. एकाची अडचण ती दुसऱ्याचा विषय!

पाणी आणि शैवाल

माझं घर लातूरला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते हे शहर. त्यामुळे घरात प्रयोग म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. तिला दाखवलं : पाण्याचे वीस लिटरचे दोन रिकामे जार, एक शैवालाचा, एक रोटिफरचा. बस. फक्त एक लक्षात ठेवा, यातलं काढलेलं पाणी खारं असतं. ते कुंडीतल्या झाडांना घालू नका आणि ओढ्या-विहिरीतही सोडू नका.

बोअरचं पाणी जड असतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओचं पाणी घ्या. मीठ मात्र स्वयंपाकाचं नको. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले पाऊण भागाहून थोडे जास्त म्हणजे साधं मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट येतात आणि तेही लागतात. अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणारं समुद्री मीठ घ्या. रोटिफरला पूर्ण ३५ लवणता लागत नाही, २० ते २५ वर तो छान वाढतो. पण एका पाण्यातून दुसऱ्यात टाकताना लवणतेत ५ पेक्षा जास्त फरक नको. धक्क्याने तो पोहायचं थांबतो किंवा मरतो.

रोटिफर खातो सूक्ष्म शैवाल. नॅनोक्लोरोप्सिस हे सोपं आणि चिवट. त्याला रॉबर्ट गिलार्ड यांच्या नावाने ओळखलं जाणारं एफ/२ माध्यम घालायचं : नायट्रेट, फॉस्फेट, सूक्ष्म धातू आणि तीन जीवनसत्त्वं. सिलिकेट फक्त डायटम वाढवायचे असतील तर. ट्यूबलाइटचा उजेड, हवेचा पंप आणि थोडा धीर, एवढ्यावर पाणी गर्द हिरवं होतं.

इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम कामाच्या क्रमाचा आहे. आधी शैवालाचं काम, मग रोटिफरचं, उलटं कधीच नाही. हवेच्या नळ्या, मग, गाळण्या वेगळ्या ठेवा. रोटिफरचा एक थेंब शैवालाच्या जारमध्ये गेला, तर काही दिवसांत हिरवं पाणी फिकट होतं आणि तुमच्याकडे रोटिफरचे दोन जार उरतात. खायला मात्र काहीच नसतं.

अजून एक. रोटिफर हा डबा आहे. डब्यात जे भराल तेच पिल्लापर्यंत पोचतं. समुद्री माशांच्या पिल्लांना ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात. नॅनोक्लोरोप्सिसमध्ये ईपीए भरपूर, डीएचए नाहीच म्हणा. आयसोक्रायसिस या शैवालात डीएचए असतं. यीस्टवर रोटिफर वाढतात, पण तो डबा जवळजवळ रिकामा असतो. म्हणून पिल्लांना देण्याआधी काही तास रोटिफरला चांगलं खाऊ घालायचं.

रोज किती काढायचं?

अनुकूल परिस्थितीत रोटिफरच्या माद्या नराशिवायच अंडी घालतात. २५ अंशांच्या आसपास पिल्लू दीड दिवसाच्या आत प्रौढ होतं आणि एकूण आयुष्य चार दिवसांच्या जवळपास. म्हणजे वाढ चक्रवाढ व्याजाची. आपण खायचं ते व्याज, मुद्दल नाही.

हिशोब करू. काल एका मिलिलिटरमध्ये ४० रोटिफर होते, आज ६० आहेत. ६० भागिले ४० म्हणजे १.५. त्याचा नैसर्गिक लॉग घ्या : ०.४०५. हा दर दिवसाचा वाढीचा दर. ०.६९३ ला ०.४०५ ने भागलं की दुप्पट व्हायला लागणारा वेळ मिळतो, साधारण १.७ दिवस. आज ६० आहेत आणि उद्याही ६० च हवे असतील, तर आज जारमध्ये ४० उरले पाहिजेत. म्हणजे काढता येतात २०, अर्थात एक तृतीयांश. ही झाली कमाल मर्यादा. मी एक चतुर्थांशच्या वर जात नाही. त्यासाठी दर निदान ०.२९ तरी लागतो, आणि तो आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायचं कसं? जार नीट ढवळून एक मिलिलिटर पाणी सेजविक-राफ्टर स्लाइडवर घ्या. ल्युगॉलच्या आयोडिनचा एक थेंब टाकला की जीव थांबतात आणि रंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन आकडे मोजा : एकूण रोटिफर, आणि माद्यांच्या मागच्या टोकाला लटकलेली अंडी. अंड्यांना रोटिफरने भागा. हे झालं अंड्यांचं प्रमाण.

माझ्या वहीत पहिला आकडा होता, दुसराही होता. भागाकार नव्हता.

मे महिन्यातले चार दिवस

नांदेडचा मे तुम्हाला सांगायला नको. प्रयोग सुरू व्हायला आठवडा होता. एकच जार, त्यावरच सगळं. वहीतल्या नोंदी अशा :

सोमवार : रोटिफर ११०, अंडी ५३
मंगळवार : रोटिफर ११८, अंडी ४१
बुधवार : रोटिफर १२१, अंडी २५
गुरुवार : रोटिफर ११९, अंडी ११

चारही दिवस शेरा एकच : "कल्चर ठीक." शुक्रवारी सकाळी तळाशी पांढुरका गाळ बसलेला, वर वास. मोजले तर ३० च्या आत. शनिवारी काही उरलं नाही.

आता भागाकार करा : ०.४८, ०.३५, ०.२१, ०.०९. म्हणजे मंगळवारपासूनच जार सांगत होता.

मग एकूण आकडा का पडला नाही? गावाचा विचार करा. माणसं तेवढीच दिसतात, पारावर गर्दी तीच, पण अंगणवाडी रिकामी व्हायला लागली आहे. जन्म थांबले तरी म्हातारे लगेच मरत नाहीत, म्हणून शिरगणती काही काळ तशीच राहते. रोटिफरच्या बाबतीत हा काळ फक्त दोन-चार दिवसांचा असतो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी होती. अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमुळाइतकी चूक नुसत्या योगायोगाने होते. साधारण १२० मोजले तर ११ इकडे-तिकडे. म्हणजे ११०, ११८, १२१, ११९ यांत मला जी "हळूहळू वाढ" दिसत होती, ती वाढ नव्हतीच. अंड्यांची घसरण मात्र ५३ वरून ११. ती योगायोगाची नाही.

जार कशाने मेला? सरांनी हेच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्यात मी तीन बदल एकदम केले होते. शैवाल कमी पडलं म्हणून यीस्ट वाढवलं. जार पंख्याजवळून खिडकीजवळ हलवला. आणि पाणी बदलणं दोनदा टाळलं. न खाल्लेलं यीस्ट कुजलं की अमोनिया वाढतो. तापमान आणि सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. त्यामुळे संशय अमोनियावरच आहे. पण मी अमोनिया मोजला नव्हता, म्हणून माझ्याकडे संशयच आहे, निष्कर्ष नाही. सर एवढंच म्हणाले, "मग प्रबंधात हे एक वाक्यही लिहिता येणार नाही."

नव्याने सुरू करताना

नवं बियाणं कोकणातल्या एका प्रयोगशाळेतून मिळालं. मुंबईपर्यंत एका मैत्रिणीने आणलं, तिथून देवगिरी एक्स्प्रेसने मी. अर्धी भरलेली बाटली, अर्धी हवा, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली, रात्रभर मांडीवर. पण मध्ये पावसाळा गेला, उपकरणाची पाळी गेली, आणि सहा महिने मागे पडले ते पडलेच. तेव्हापासून पाळते ते हे :

१. दोन जार, दोन ठिकाणी. एक विभागात, एक लातूरच्या घरी. आई रोज दही लावताना विरजण बाजूला ठेवते, तेच तत्त्व. दोन्ही जार एकाच पंपावर असतील तर ते दोन नव्हेत, वीज गेली की दोन्ही जातात.

२. एका वेळी एकच बदल. आणि तोही एकाच जारमध्ये. दुसरा जसा आहे तसा. नियंत्रण गट म्हणजे वेगळं काही नाही, हेच.

३. भागाकार त्याच दिवशी. अंड्यांचं प्रमाण सलग दोन दिवस घसरलं की काढणं बंद, तळाचा गाळ काढायचा, थोडं पाणी बदलायचं, खाद्य कमी करायचं. प्रत्येक जारचं नेहमीचं प्रमाण वेगळं असतं, ते आधी महिनाभर मोजून ठेवा.

४. तीन नमुने. एकाच थेंबावर विश्वास नको. तिघांची सरासरी घ्या.

५. शेऱ्यात "ठीक" लिहायचं नाही. काय दिसलं ते लिहायचं : रंग, वास, फेस, तळ, तापमान, वीज किती वेळ गेली.

ज्यांना हाच विषय घ्यायचा आहे, त्यांनी मुंबईआधी आपल्या जिल्ह्यांत बघा. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. त्यापुढे वर्सोव्याची सीआयएफई, रत्नागिरीचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मार्गदर्शकांचं पत्र घेऊन जा आणि काय मोजणार आहात ते एका पानात लिहून न्या. आणि समुद्री विषय नकोच असेल, तरी ब्रॅकिओनसच्या गोड्या पाण्यातल्या जाती आपल्या तलावांत आणि धरणांच्या पाण्यात सापडतात. मोजायची पद्धत तीच.

तुमचा विषय कदाचित पूर्ण वेगळा असेल, माती, सोयाबीन, नाहीतर नॅनोकण. तरी आज एक करा. तुमच्या वहीत असा कुठला आकडा आहे, जो तुम्ही रोज लिहिता पण ज्याचं काहीच करत नाही? तो शोधा आणि भागून बघा.

परवा लातूरला फोन केला तर आई म्हणाली, "तुझं हिरवं पाणी ठीक आहे." मी म्हटलं, ठीक म्हणजे काय? थोडं थांबून ती म्हणाली, "कालच्यापेक्षा फिकट आहे, आणि दुपारी दोन तास लाइट नव्हती." त्याच संध्याकाळी एसटी पकडली. जार वाचला.