तोडणी-वाहतुकीचा ठेका आणि कराचे बदललेले नियम



गळीत सुरू होऊन पहिल्या पंधरवड्याची बिले निघाली, की शेती खात्याच्या खिडकीवर एक ठरलेला संवाद ऐकू येतो. मुकादम बिलाचा कागद पुढे करतो आणि विचारतो, "साहेब, एवढं कशापायी कापलं?" कारकून म्हणतो, "टीडीएस हाय, पुढचा या." मुकादम गप निघून जातो, आणि बाहेर चहाच्या गाड्यावर सांगतो, की कारखान्यानं पैसे खाल्ले. ऐकणारे बहुतेक आपलेच सभासद असतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचा ट्रॅक्टर याच हंगामात वाहतुकीला लागलेला असतो आणि त्यांच्याही बिलात काही ना काही वजा झालेले असते. तेव्हा ही कपात काय आहे, कोणाची आहे, आणि ती परत कशी मिळते, हे एकदा नीट सांगावे म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, हा मुकादमाचा आणि वाहनमालकाचा प्रश्न. आमचा काय संबंध? संबंध असा. उसाची एफ.आर.पी. ही कारखान्याच्या गेटवर पोहोचलेल्या उसाची किंमत असते. म्हणून आपल्या महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या हातात पडते. त्यामुळे तोडणी-वाहतुकीवर कर बसला, दंड बसला, व्याज बसले, तर तो बोजा फिरून फिरून टनावरच येतो. हे नुसते सांगण्यापुरते नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातच तशी वेळ येऊन गेली आहे. आधी ती हकीकत पाहू.

पुष्कळ ठिकाणी कारखाना मुकादमांशी थेट व्यवहार करीत नाही. मध्ये एक ऊस तोडणी वाहतूक संस्था किंवा ट्रस्ट असतो. संस्थेचा एक करार कारखान्याशी आणि दुसरा करार मुकादम व वाहनमालकांशी. मुकादमाच्या हाताखाली टोळी. बीड भागातल्या टोळ्या येतात, तशा आपल्याच जत-आटपाडीकडच्या आणि माण-खटावच्याही येतात. पैसा वरून खाली जातो तो टनावर. किती कोयते आले, किती दिवस राबले, याची कारखान्याच्या काट्यावर नोंद नसते; काटा टन मोजतो.

१६ जून २००५ पासून सेवा कराच्या कायद्यात एक फेरफार झाला. तोपर्यंत कर होता तो माणसे भरती करून देणाऱ्या एजन्सीवर. नव्या शब्दरचनेत तात्पुरती किंवा अन्य प्रकारे माणसे 'पुरवणारा'ही कराच्या कक्षेत आला. हा बदल करताना डोळ्यांसमोर शहरातल्या सिक्युरिटी आणि कंत्राटी कामगारांच्या एजन्सी असाव्यात. परंतु अधिकाऱ्यांची नजर उसाच्या फडाकडे वळली. त्यांचे म्हणणे असे, की तोडणी-वाहतूक संस्था कारखान्याला मजूर पुरवते, म्हणून तिला मिळणाऱ्या रकमेवर सेवा कर द्यावा. कोल्हापूर आयुक्तालयाच्या हद्दीत सातारा सहकारी शेतकी औद्योगिक ऊस तोडणी वाहतूक सोसायटी या वादात सापडली. कोल्हापूर जिल्ह्यातला भोगावती जनसेवा ट्रस्ट सापडला, आणि तिकडे नगरकडे गोदावरी खोरे केन ट्रान्स्पोर्ट कंपनीही.

मागणी किती जिवावरची होती ते आकड्याने समजेल. २००७-०८ साली सेवा कराचा दर उपकरांसह १२.३६ टक्के होता. हिशेबाला सोपे जावे म्हणून तोडणी-वाहतूक टनाला ३०० रुपये धरू. कर होतो टनामागे ३७ रुपये ८ पैसे. एकरी चाळीस टन काढणाऱ्या सभासदाला एका एकराला १,४८३ रुपये. आणि हे एका वर्षाचे. नोटिसा मागील वर्षांच्या असतात. वर व्याज आणि दंड. संस्थेजवळ स्वतःचे असे काय असते? ती इकडून घेते नि तिकडे देते. भरायची वेळ आली असती तर ती कारखान्याकडेच हात पसरणार, आणि कारखाना कोणाकडे पाहणार हे सांगायला नको.

आता वादाचा मुद्दा. तो आपल्या शेतकऱ्याला वकिलापेक्षा लवकर कळेल. विहीर खणायची असली तर आपण दोन तऱ्हेने काम देतो. एक रोजाने. दहा गडी सांगितले, सकाळी आठाला आले, काय करायचे ते आपण सांगितले, संध्याकाळी दहा जणांचा रोज दिला. काम कमी झाले तर आपले नशीब. दुसरी तऱ्हा उक्त्याची. ब्रासचा दर ठरवला, ठेकेदार पाच गडी आणो नाहीतर मशीन आणो, जेवढे ब्रास खणले तेवढे पैसे. पहिल्या प्रकारात आपण माणसे घेतली. दुसऱ्यात काम घेतले. ऊसतोड ही पिढ्यान् पिढ्या उक्त्यानेच चालत आलेली आहे.

मुंबईच्या सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवा कर अपील न्यायाधिकरणापुढे हाच प्रश्न उभा राहिला. करार ऊस तोडून कारखान्यापर्यंत पोहोचवण्याचा आहे, मोबदला टनावर ठरलेला आहे, आणि मजूर काही कारखान्याच्या हुकमतीखाली दिलेले नाहीत. म्हणून हा मनुष्यबळ पुरवठा होत नाही, असा निर्णय झाला. गोदावरी खोरे कंपनीच्या प्रकरणात तो आधी झाला होता, आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. साताऱ्याच्या सोसायटीच्या आणि भोगावती ट्रस्टच्या अपिलांचा निकाल २०१४ साली याच धर्तीवर लागला. बदल झाला २००५ साली आणि निकाल २०१४ साली. मधली वर्षे संस्थेच्या संचालकांनी कशी काढली असतील, ते ज्यांनी कधी सरकारी नोटीस हातात घेतली आहे त्यांना विचारावे.

दरम्यान कायदाही सुधारला. १ जुलै २०१२ पासून शेतमालाची काढणी आणि शेतीकामासाठी मजूर पुरवणे ही दोन्ही कामे सेवा करातून वगळली गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्यातही ती माफी कायम राहिली. शेतमालाच्या वाहतुकीलाही सूट आहे. म्हणजे फडातली तोडणी, मग ती कोयत्याने असो की हार्वेस्टरने, जीएसटीच्या बाहेर आहे. मात्र इथे एक गफलत होते. तोच ठेकेदार कारखान्याच्या आवारात साखरेची पोती रचायला किंवा बगॅस उचलायला माणसे देतो आणि म्हणतो, "आमचं तोडणीचंच बिल हाय की." तसे नाही. साखर हा शेतमाल धरला जात नाही, आणि आवारात माणसे पुरवली तर तो सरळ मनुष्यबळ पुरवठा होतो. त्यावर जीएसटीचा दर १८ टक्के आहे. दोन कामांचे दोन करार आणि दोन बिले ठेवणे म्हणूनच जरूर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे खिडकीवरच्या कपातीकडे वळू. ही आयकराची कपात. ठेकेदाराच्या बिलातून देणाऱ्यानेच कर कापून घ्यावा, ही तरतूद १९७२ साली आयकर कायद्यात आली. १९६१ च्या कायद्यात ती कलम १९४-सी म्हणून ओळखली जाई. १ एप्रिल २०२६ पासूनसाठी २०२५ चा नवा आयकर कायदा आहे, त्यात ही तरतूद कलम ३९३ च्या तक्त्यात गेली. कलमाचा आकडा बदलला, टक्केवारी तीच राहिली. ठेकेदार एकटी व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर एक टक्का. भागीदारी, कंपनी वगैरे असेल तर दोन टक्के. एकेक बिल ३०,००० रुपयांच्या आत आणि वर्षाची बेरीज एक लाखाच्या आत राहिली तर कपात नाही.

गोम अशी, की ही कपात एकूण बिलावर होते. एक नमुना पाहू. एका मुकादमाच्या टोळीच्या मजुरीचे हंगामात १५ लाख झाले आणि त्यावर २० टक्के कमिशन ३ लाख. बिल झाले १८ लाखांचे. एक टक्क्याने कपात १८,००० रुपये. मजुरीचे १५ लाख टोळीला वाटून झालेले असतात. मुकादमाचे स्वतःचे फक्त ३ लाख. म्हणजे कपात एक टक्का असे आपण म्हणतो, पण त्याच्या कमाईच्या मानाने ती सहा टक्के झाली. त्याची कुरकुर अगदीच खोटी नाही. पण हे १८,००० कारखान्याने ठेवून घेतले, हे मात्र खोटे. ती रक्कम मुकादमाच्या पॅन नंबरावर सरकारात जमा होते. त्याच्या उत्पन्नावर कर बसत नसेल, आणि नुसते ३ लाख उत्पन्न असेल तर बसत नाही, तर मुदतीत रिटर्न भरल्यावर सगळीच्या सगळी परत मिळते. अट एवढीच, की मजुरी वाटल्याचा हिशेब जवळ पाहिजे. कोणाला किती उचल दिली, किती वळती झाली, किती दिले, सही किंवा अंगठा. नाहीतर १८ लाख सगळे तुझेच उत्पन्न, असे कोणी म्हणाले तर उत्तर काय देणार?

पॅन नसेल तर काय होते? १ एप्रिल २०१० पासून पॅन न देणाऱ्याचे २० टक्के कापावे लागतात. वरच्याच नमुन्यात १८ लाखांचे २० टक्के म्हणजे ३,६०,००० रुपये. मुकादमाचे सगळे कमिशन गेले आणि वर ६०,००० पदरचे. शिवाय १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेला पॅन निष्क्रिय धरला जातो. कार्ड खिशात आहे, पण कायद्याच्या दृष्टीने नाहीच, अशी गत. मध्यंतरी, १ जुलै २०२१ पासून, रिटर्न न भरणाऱ्याची कपात जादा दराने करावी असाही एक नियम होता. तो १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. अजून काही जण त्या भीतीने येऊन विचारतात, म्हणून इथे लिहिले.

वाहनमालकांचे थोडे वेगळे आहे. १ ऑक्टोबर २००९ पासून मालवाहतूकदाराने पॅन दिला की कपात नाही, असा नियम आला. मग लहान गाडीवाला आणि शंभर ट्रकांचा मालक दोघांनाही सारखीच सूट मिळू लागली. म्हणून १ जून २०१५ पासून ती आवळली. आता वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसणाऱ्यालाच ही सूट आहे, आणि तसे लेखी प्रतिज्ञापत्र पॅनसह द्यावे लागते. आपल्या भागातले जवळजवळ सगळे वाहनमालक दहाच्या आतले. तरी दरवर्षी काहींची कपात होते, कारण कागदच दिलेला नसतो. तोडणी आणि वाहतूक एकाच बिलात घालू नये हेही याच कारणाने. वाहतुकीची सूट तोडणीच्या रकमेला लागू पडत नाही, आणि एकत्र बिल आले की ऑडिटर सगळ्यावर कपात लावतो.

ऑडिटर एवढा कडक का, असेही विचारले जाते. कारण कपात करायची राहिली तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग कारखान्याच्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरला जात नाही. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी तर सगळाच खर्च नामंजूर होत असे. तोडणी-वाहतूक हा उसाच्या किमतीखालोखालचा मोठा खर्च. शिवाय दरमहा व्याज चढते ते निराळेच. एका मुकादमाला खूश ठेवायला कपात सोडली, तर त्याची भरपाई सगळ्या सभासदांनी करायची.

शेवटी घरच्या ट्रॅक्टरबद्दल. आपल्याकडे पुष्कळदा करार बापाच्या नावावर, ट्रॅक्टर मुलाच्या नावावर आणि बँकेचे खाते सुनेच्या नावावर असते. घर एकच असल्याने घरात कोणाला त्याचे काही वाटत नाही. पण कापलेली रक्कम जमा होते ती ज्याचा पॅन दिला त्याच्याच नावावर. बाप म्हणतो, "मी शेतकरी, मला कसला टॅक्स नि कसलं रिटर्न?" उसाचे पैसे शेतीचे उत्पन्न, त्यावर आयकर नाही, हे खरे. परंतु दुसऱ्याचा ऊस ट्रॉलीत भरून कारखान्यावर आणल्याचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे, तो धंदा आहे. म्हातारा रिटर्न भरत नाही, मुलाच्या पॅनवर काही दिसत नाही, आणि पैसे सरकारात पडून राहतात.

मागच्या हंगामात वाळव्याकडचे एक सभासद माझ्याकडे असाच कागद घेऊन आले होते. तीन वर्षांची कपात वडिलांच्या पॅनवर, आणि वडील थकलेले. त्यांना घेऊन चार्टर्ड अकौंटंटकडे बसलो. दोन वर्षांची मुदत निघून गेली होती. राहिलेल्या एका वर्षाचे रिटर्न भरले आणि उन्हाळ्यात ६,४०० रुपये खात्यावर आले. या वर्षी करार करतानाच त्यांनी मुलाचे नाव, मुलाचा पॅन आणि मुलाचेच खाते दिले आहे.