इयरबड्स लवकर बाद का होतात?

हेडफोनची वायर तुटली तर चकलांब्यासारख्या गावातला मोबाइल दुरुस्तीवालाही ती सोल्डर करून जोडू शकतो. वायरलेस इयरबड्सचं तसं नाही. एका जोडीत लिथियमच्या तीन बॅटऱ्या असतात: दोन बड्समध्ये, एक डबीत. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर त्यांची क्षमता बरीच घटते. बहुतेक बड्स चिकटवून बंद केलेले, त्यामुळे बॅटरी बदलता येत नाही. स्पीकर ठणठणीत, तरी वस्तू बाद!

उकिरड्यावर दाबली गेली तर ही बॅटरी पेटू शकते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. वायरचा हेडफोनही शेवटी ई-कचराच, पण त्यात बॅटरी नसते.