शहर ऐकताना (लेखांक ९) : गिरणगावाचा मंच

मागच्या आठवड्यात आपण गिरगावातल्या व्याख्यानांविषयी वाचलं. आज दोन-तीन मैल उत्तरेला, परळ-लालबाग-वरळीकडे जायचं आहे.

मुंबईच्या कवितेचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा कवितासंग्रहांची सालं मांडतो. गिरणगावात तो हिशेब अपुरा पडतो. इथं कविता आधी ऐकली गेली, छापली गेली ती नंतर. बरीचशी तर कधी छापलीच गेली नाही. ती ज्या पटांगणांतून, गल्ल्यांतून, उत्सवाच्या मांडवांतून लोकांच्या कानावर पडली त्यांची नोंद झाल्याशिवाय या भागाचा वाङ्मयीन इतिहास पुरा होणार नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

असे कार्यक्रम उभे राहायचे ते गावकीच्या बळावर. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ 1854 साली रोवली गेली आणि पुढच्या काही दशकांत कोकण, सातारा, सांगली, पुणे जिल्हा, तेलंगण, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून माणसं आली. एका गावचे गडी एका खोलीत राहायचे. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची सुरू, त्यामुळे झोपण्याची जागाही पाळीपाळीनंच मिळायची. या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळं निघाली. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार असो की शाळेची खोली, पैसे जमवायचे तर नाटक बसवायचं आणि परळच्या दामोदर हॉलची तारीख मिळवायची, हा शिरस्ता पडला. ना. म. जोशींनी 1911 साली काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह. दिवसा साच्यावर उभा असणारा कामगार रात्री इथं राजा व्हायचा, आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांत त्याच्याच खोलीतली, त्याच्याच आळीतली माणसं असायची. 1953 च्या कायद्यानं कामगार कल्याण मंडळ आलं, त्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा ही नटमंडळी आधीपासून तयारच होती.

शाहिरांविषयी मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ वाटेगावचे, कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला आलेले, शाळेत जवळपास न गेलेले. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब. या कलापथकाच्या कार्यक्रमाला पडदा लागत नसे, तिकीट नसे. एक उंचवटा, एक डफ, एक तुणतुणं आणि मागे दोन-चार झीलकरी. मुख्य शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळ पाठ होते. अक्षर न ओळखणारा माणूससुद्धा घरी जाताना कवन सोबत घेऊन जाई, ते या रचनेमुळे. अण्णाभाऊंनी तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला आणि आतला ऐवज बदलला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि कष्टकरी आले, गवळण गळाली, वगात राजाराणीऐवजी सावकार, मालक आणि मजूर उभे राहिले. त्यांच्या ‘मुंबईची लावणी’त हवेलीतली मुंबई आणि चाळीतली मुंबई शेजारी शेजारी दिसतात. शहराचं इतकं नेमकं वर्णन त्या काळच्या फार थोड्या छापील पुस्तकांत सापडेल.

आता भाषांकडे येऊ. गिरणगाव म्हटलं की आपण मराठी गृहीत धरतो, पण त्या मराठीतच किती बोली होत्या! दशावतार मालवणीत रंगायचा. 1980 साली रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ला मुंबईनं डोक्यावर घेतलं, कोकणातून पोटापाण्यासाठी आलेल्या पिढ्यांनी या शहरात मालवणीचा कान आधीच तयार ठेवला होता. कामाठीपुरा, वरळी या भागांत तेलुगू भाषकांची वस्ती झाली, त्यांत पद्मशाली विणकर होते. त्यांच्या बतुकम्माच्या सणात फुलांचे थर रचून उंच शंकू करतात आणि बायका भोवती फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर गातात. देवीची गाणी तर असतातच, पण सासर, माहेर, लांबचा प्रवास हेही त्यांत येतं. आपल्या भोंडल्याशी नातं सांगणारा हा सण शेजारच्या चाळीत राहूनही आपल्यापैकी किती जणांनी थांबून ऐकला असेल?

मदनपुऱ्यात उर्दू होती. उत्तरेकडून आलेल्या विणकरांची ही वस्ती. कैफी आझमी चाळिशीच्या दशकात इथल्या कामगारांत काम करत होते. शायर आणि शाहीर यांच्या वाटा एकाच कामगार सभेत मिळायच्या. नारायण सुर्वे याच वातावरणात वाढले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून घरी नेलेलं हे मूल. पुढे त्यानं शिपायाची नोकरी केली, मग पालिकेच्या शाळेत शिकवलं, 1966 साली ‘माझे विद्यापीठ’ दिलं आणि 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.

बीडीडी चाळींत आणखी एक धारा होती, आंबेडकरी जलशांची. 14 एप्रिलला चाळीच्या मैदानात रात्रभर गाणी चालायची. बाबासाहेबांचा विचार लाखो माणसांपर्यंत पोचला त्यात या गायकांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा आज आपल्याला सांगता येत नाहीत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मंडळांची वर्गणी आटली. तालमीसाठी माणसं जमायची ती पाळ्यांच्या वेळा धरून. पाळ्याच संपल्या तेव्हा ती घडीही मोडली. लोकांना आपली हकिगत सांगायची होती, ती ऐकून घेणारा मंच उरला नाही. म्हणूनच नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखती घेऊन 2004 साली सिद्ध केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास मला फार मोलाचा वाटतो. त्यात माणसं आपल्या तोंडानं बोलतात. त्याही आधी, 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं होतं. कारण मंचावरच्या इतिहासात बायका फारशा दिसतच नाहीत. खानावळ चालवणाऱ्या बाईनं वीस-वीस गड्यांना दोन वेळचं जेवण घातलं, प्रेमा पुरव यांनी 1975 साली या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. पण त्या बाईची कहाणी ऐकायला मांडव कुणी घातला?

तो मांडव घालणं अवघड नाही. जुन्या कामगाराच्या हातात माईक दिला आणि ‘आठवणी सांगा’ म्हटलं तर तो दोन वाक्यांत आटपतो. त्याच्या हातात धोटा द्या. तो आधी टोकावरून अंगठा फिरवून बघेल, मग साच्याची गती सांगेल, भोंग्याची वेळ सांगेल, गोंगाटात हातवाऱ्यांनी कसं बोलायचे ते करून दाखवेल, बदली कामगार म्हणून दारात ताटकळत काढलेल्या सकाळी सांगेल. शेजारी त्याच खात्यातला दुसरा माणूस बसवा, म्हणजे चुकलेलं तिथल्या तिथं दुरुस्त होईल. तेलुगू आजीला तेलुगूतच बोलू द्या, नात मराठीत सांगेल. आणि सगळं ध्वनिमुद्रित करून त्याच वस्तीतल्या वाचनालयात ठेवा.

याची निकड आत्ता आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या मिळून 207 बीडीडी इमारती. त्यांतल्या पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास चालू आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसं 500 चौरस फुटांच्या घरात जात आहेत. हा त्यांचा हक्क आहे आणि तो फार उशिरा मिळतो आहे. पण दोन चाळींमधलं पटांगण कुठल्याच करारनाम्यात क्षेत्रफळ म्हणून मोजलं जात नाही. दामोदर हॉल 2023 च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाला तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला, म्हणून निदान त्यावर चर्चा तरी झाली. नव्या टॉवरांच्या गृहनिर्माण संस्थांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत सभागृहाची महिन्यातली एक संध्याकाळ अशा कार्यक्रमासाठी राखून ठेवावी. संपाच्या सुमारास गाणारे झीलकरी आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांतले काही याच इमारतींत राहायला येत आहेत.

पुढच्या आठवड्यात : मदनपुऱ्यातले मुशायरे.