घरांतील मनीप्लँटची निगा

वाचकांपैकीं पुष्कळांच्या ओटीवर मनीप्लँटचा वेल असेल. आणि तो मधूनमधून पिवळा पडतो, अशी तक्रारही असेल. पान पिवळें दिसलें कीं वेलास तहान लागली असें समजून आपण आणखी एक तांब्या पाणी ओततों. शेतांत ही संवय उपयोगी पडते. घरांत मात्र बहुतेक वेल तिच्यामुळेंच मरतात.

हा वेल अळूच्या कुळांतील असून मूळचा प्रशांत महासागरांतील सोसायटी बेटांपैकीं मूरेआ बेटावरचा आहे. दमट रानांत वृक्षांच्या सावलींत तो खोडांस मुळांनीं धरून चढतो. यास्तव त्यास ऊब व आडोशाचा उजेड मानवतो. कडक ऊन व १० अंश सेंटिग्रेडखालील थंडी सोसत नाहीं. पूर्वेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यांत तो जगतो खरा, परंतु पेरीं लांबतात, पानें लहान होतात व त्यांवरील पिवळे पट्टे नाहींसे होतात.

आतां पाण्याविषयीं. शेतांत ऊन व वारा ओल उडवितात आणि जास्त पाणी जमिनींत निचरून जातें. घरांत ऊनवारा थोडा व कुंडी चोहोंकडून बंद. मातींत पाणी सांचून राहिलें कीं मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. म्हणून वार ठरवून पाणी घालूं नये. मातींत दोन पेरें बोट घालून पाहावें. कोरडें लागल्यासच तळाच्या भोंकांतून निथळेपर्यंत पाणी द्यावें व बशींत सांचलेलें ओतून टाकावें. पावसाळ्यांत व हिवाळ्यांत पाळी लांबवावी. मातींत वाळू व चांगलें कुजलेलें पानखत मिसळावें. ताजें शेण घालूं नये.

नवा वेल करण्यास गांठीच्या खालीं कांडें कापून लावावें. नुसत्या पानास कोंब फुटत नाहीं. कांडें बाटलींत ठेवल्यास दर आठवड्यास पाणी बदलून बाटली आंतून घासावी, नाहींतर तींत डेंग्यू पसरविणारे डास वाढतात.

एक इशारा अवश्य ध्यानांत ठेवावा. अळूप्रमाणेंच या वेलांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते, जीभ सुजते व लाळ गळते. अळू आपण शिजवून, चिंच घालून खातों. हा वेल मात्र कोणत्याही रीतीनें खाण्याजोगा नाहीं. रांगत्या मुलांच्या हातीं पान लागूं देऊं नये व छाटलेला वेल जनावरांपुढें टाकूं नये. तो ओढ्याकांठींही फेंकूं नये. कारण ओल्या जमिनीस गांठ टेकली कीं तो रुजतो. श्रीलंका व हवाई बेटांतील रानांत तो असाच मोकाट पसरून उपद्रवी झाला आहे.

सारांश, उजेड पाहून जागा द्यावी व माती पाहून पाणी द्यावें. पिवळें पान दिसल्यास तांब्या उचलण्यापूर्वी बोटानें मातीची ओल पाहावी.