छापील वेग आणि हाती पडणारा वेग

२००६ सालची गोष्ट आहे. एका बंद पडलेल्या कारखान्यातील कामगारांचा ग्रॅच्युइटीचा दावा चालू होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख होती. हजेरीपटांचे कागद पावसात भिजून गेलेले. त्यांची स्कॅन केलेली चित्रे तेवढी युनियनच्या कचेरीतील जुन्या संगणकात उरली होती. संध्याकाळी त्याची हार्ड डिस्क खडखड करू लागली. धावत बाजारात गेलो आणि बाहेरून जोडायची एक डिस्क विकत आणली. खोक्यावर ४८० हा आकडा ठळक छापलेला. दुकानदार म्हणाला, "अठरा गिगाबाइट ना? दहा मिनिटांचे काम." जोडून पाहतो तो पडद्यावर अक्षरे उमटली: पाच तास!

डिस्क पाच तास टिकेल याची शाश्वती कोणी द्यावी? मी नववीत शाळा सोडलेला माणूस. परंतु पगाराची पावती वाचणे हा माझा धंदाच. एकूण पगार वेगळा आणि हातात पडणारा वेगळा, हे मला कोणी शिकवायला नको. त्या रात्री कळले की संगणकातही तीच तऱ्हा आहे.

पहिली कपात बिट आणि बाइट यांची. आठ बिटांचा एक बाइट. फायली मोजतात बाइटांत आणि तारेचा वेग छापतात बहुधा बिटांत, त्यामुळे आकडा आठपट मोठा दिसतो. ४८० मेगाबिट म्हणजे ६० मेगाबाइट. त्यातून देवाणघेवाणीचा व्यवस्थाखर्च वजा जाता हाती पडतात तीस-पस्तीस. दुकानदाराचा हिशेब एवढ्यापुरता बरोबर होता. पण तो २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा. आमच्या जुन्या संगणकाचे तोंड १९९८ च्या यूएसबी १.१ चे, म्हणजे १२ मेगाबिटांचे; प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट. अठरा हजार मेगाबाइटांना अठरा हजार सेकंद, म्हणजेच पाच तास. दोन टोकांपैकी जे मंद, त्याच्याच चालीने दुसऱ्याला चालावे लागते.

आता संगणकाच्या पोटातील जोडण्या पाहू. १९८० साली सीगेट कंपनीने छोट्या संगणकांसाठी पाच मेगाबाइटांची डिस्क काढली. तिचा वेग सेकंदाला पाच मेगाबिट, म्हणजे सव्वासहाशे किलोबाइट. १९८६ च्या सुमारास आयडीई आली. हिच्या चपट्या, चाळीस तारांच्या केबलमधून सोळा बिट एकदम जात. सुरुवातीचा वेग ३.३ मेगाबाइट, पुढे १६.७, परंतु या पद्धतीत प्रत्येक घास मध्यवर्ती प्रोसेसरला स्वतःच्या हाताने उचलावा लागे. इंजिनिअराला हमालीला लावण्याचाच हा प्रकार! पुढे डीएमए पद्धतीने माहिती थेट स्मृतीत उतरू लागली आणि आकडा ३३ वर गेला.

इथे खरी अडचण उभी राहिली. मोर्चात सोळा माणसे एका रांगेत चालतात तेव्हा चाल ठरते ती सर्वांत मागे पडणाऱ्याची. घाई केली की रांग मोडते आणि शेजारी शेजाऱ्याला धक्के मारतो. तारांचेही तसेच. सोळा बिट एकाच क्षणी पोचले पाहिजेत आणि एका तारेतील विजेचा त्रास दुसरीला होता कामा नये. म्हणून ६६ मेगाबाइटांच्या वेळी प्रत्येक तारेशेजारी एक जमिनीला जोडलेली तार घातली. तारा झाल्या ऐंशी, पिना मात्र चाळीसच. मोर्चात स्वयंसेवक मध्ये उभे करतात ना, तसे. अशा युक्तीने १०० आणि १३३ पर्यंत मजल गेली. सर्व्हरांसाठी स्कझी नावाची महाग जोडणी होती. ती ३२० पर्यंत पोचली.

२००३ साली साटा आली आणि तिने मोर्चाच मोडला. बिट एकामागून एक, पण धावत. छापील आकडा १.५ गिगाबिट. मात्र तिथे दर आठ बिटांमागे दहा बिट पाठवावे लागतात, म्हणून बाइट निघतात सेकंदाला १५० मेगा. आणि त्या सुमाराच्या सामान्य डिस्कची फिरती तबकडी पन्नास-साठच्या वर देऊ शकत नव्हती! रस्ता रुंद झाला, गाडी तीच.

त्या रात्री आमच्या एका सभासदाच्या मुलाने नवे खोके उघडले. आत साधी चाळीस पिनांचीच डिस्क निघाली. एका केबलवर दोन डिस्क असल्या तर एका वेळी एकच बोलते, म्हणून सीडीची केबल काढून त्याने नवी डिस्क तिथे लावली. (दोघींना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. मास्टर स्लेव्हवर कसलाही हुकूम चालवीत नाही. मग हे नाव कोणाला सुचले कोण जाणे.) केबल जुनी, चाळीस तारांची, म्हणजे वेग ३३ वर अडणार. मी कुरकुरलो. तो म्हणाला, "काका, तेवढा तरी कुठे लागतोय?" हजारो लहान फायली शोधताना डिस्कचा हात पुढेमागे पळतो, त्यातच वेळ जातो. पाऊण तासात काम झाले. हजेरीपट तारखेला हजर होते.

कोणाच्या कपाटात अशी जुनी डिस्क पडून असेल तर तिला यूएसबीचे अडॅप्टर मिळते. त्यासाठी ५ गिगाबिटांचे महाग अडॅप्टर घेऊ नका. तबकडीच तेवढे देणार नाही. साडेतीन इंची डिस्क असेल तर मात्र विजेची वेगळी जोड आहे ना, ते पाहून घ्या; यूएसबीतून येणारी वीज तिला पुरत नाही.