धावपट्टीची हद्द

मुंबईच्या विमानतळावर धावपट्टीला जाऊन मिळणाऱ्या प्रत्येक टॅक्सीमार्गावर, पट्टीच्या काही अंतर अलीकडे, चार समांतर पिवळ्या रेषा आडव्या आखलेल्या असतात. त्यांपैकी टॅक्सीमार्गाच्या बाजूच्या दोन अखंड आणि धावपट्टीच्या बाजूच्या दोन तुटक. अखंड रेषांकडून येणाऱ्याने थांबावे आणि तुटक रेषांकडून येणाऱ्याने त्या पूर्णपणे ओलांडून बाहेर पडावे, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु तो जगभर एकच आहे, आणि शेकडो टनांचे विमान चालवणाऱ्या वैमानिकापासून गवत कापणाऱ्या मजुरांची गाडी हाकणाऱ्या चालकापर्यंत कोणालाही त्यातून सूट नाही. मोठ्या विमानतळांवर ही हद्द पट्टीच्या मध्यरेषेपासून साधारणतः 90 मीटरांवर असते. तिच्या बाजूला पट्टीचा क्रमांक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेला लाल फलक उभा असतो. कित्येक ठिकाणी आळीपाळीने लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्यांची जोडी असते, आणि जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची, ‘स्टॉप बार’ या नावाने ओळखली जाणारी, एक आडवी रांगही असते.

या हद्दीच्या आत विमान, वाहन किंवा मनुष्य यांपैकी कोणीही नको त्या वेळी आढळला, की त्या प्रसंगाची नोंद धावपट्टीवरील अतिक्रमण म्हणून होते. त्यासाठी टक्कर व्हावी लागत नाही, किंबहुना समोरून दुसरे विमान येत असण्याचीही आवश्यकता नसते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अशा प्रसंगांची तीव्रतेनुसार प्रतवारी ठरवली असून, जेमतेम टळलेल्या टकरीपासून तत्काळ काहीच परिणाम न झालेल्या किरकोळ चुकीपर्यंत सर्वांचा तीत समावेश होतो. बाहेरच्या मनुष्यास यात कारकुनी काटेकोरपणाचा भास होण्याचा संभव आहे. पण तपासणीच्या गाडीत बसून पट्टीवर जाऊन आले, म्हणजे त्यातले मर्म ध्यानात येते.

मी ज्या गाडीत बसलो होतो तिचा चालक विमानतळाच्या अंतर्भागात वाहन चालवण्याचा स्वतंत्र परवाना बाळगणारा, रेडिओवरील संभाषणाचे रीतसर शिक्षण घेतलेला, मितभाषी मनुष्य होता. पट्टीच्या अलीकडे थांबण्याचा हुकूम मनोऱ्याकडून येताच त्याने ‘समजले’ एवढ्यावर भागवले नाही. कोणती गाडी, कोणत्या टॅक्सीमार्गावर, कोणत्या पट्टीच्या अलीकडे थांबणार, हे सर्व त्याने जसेच्या तसे उच्चारून दाखवले, कारण पट्टीत शिरण्याचा, ती ओलांडण्याचा किंवा तिच्या अलीकडे थांबण्याचा हुकूम ऐकणाऱ्याने परत म्हणावा आणि नियंत्रकाने तो लक्षपूर्वक ताडून पाहावा, असा दंडक आहे. एक विमान आमच्यासमोरून गर्जत उतरून गेले, त्याने उडवलेली धूळ खाली बसली, पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी दिसू लागली. तरी गाडी जागची हलली नाही. पट्टी तर मोकळी आहे, असे मी म्हणताच तो म्हणाला, “मोकळी दिसतेय खरी. पण टॉवरनं कुणाला काय सांगून ठेवलंय, ते इथून दिसत नाही ना!”

परवानगी आली, लाल दिवे विझले, आणि मगच आम्ही आत शिरलो. तोंडी परवानगी मिळाली तरी दिवे पेटलेले असतील तर ती रांग ओलांडायची नाही, पुन्हा विचारायचे, हा नियम त्याने मला वाटेत सांगितला. विमाने ज्या दिशेने उतरतात तिच्या उलट दिशेने तपासणीची गाडी नेण्याची रीत आहे, कारण कुठे गफलत झालीच, तर येणारे विमान पाठीमागून न येता डोळ्यांसमोर दिसावे. टायरचा निघालेला तुकडा, एखादा निखळलेला स्क्रू, फुटलेल्या दिव्याची काच, मेलेला पक्षी, असे काही आढळते का हे पाहत आम्ही पलीकडे पोहोचलो. आणि गाडीचे मागचे चाकही पिवळ्या रेषांच्या बाहेर आल्याची खात्री करून घेतल्यावरच त्याने पट्टी सोडल्याची वर्दी दिली.

या व्यवहाराची दुसरी बाजू मनोऱ्यात दिसते. मुंबईला 09/27 आणि 14/32 अशा दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदत असल्यामुळे दोन स्वतंत्र पट्ट्यांचा लाभ तेथे मिळत नाही. दिवसाकाठी नऊशेहून अधिक विमानांची ये-जा बहुतांशी एकाच पट्टीवर चालते, आणि दोन विमानांच्या मधल्या अल्प अवकाशात तपासणीची गाडी आत घालून बाहेर काढायची असते. गाडी आत गेली, की नियंत्रक पट्टी व्यापलेली असल्याची खूण, मग ती कागदी पट्टिका असो वा पडद्यावरची, अशा रीतीने समोर मांडतो की ती हलवल्याशिवाय पुढच्या विमानास परवानगी देता येऊ नये. एकेरी रेल्वेमार्गावर ज्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी टोकन असेल तिनेच पुढे जावे, असा जो जुना बंदोबस्त होता, त्याचेच तत्त्व येथे आहे: स्मरणशक्ती उत्तम असणाऱ्यासही स्मरणावर विसंबण्याची मुभा नाही. श्रावणातल्या सरींत पट्टीचे टोक दिसेनासे झाले, म्हणजे जमिनीवरील रडारचा पडदा दृष्टीच्या साहाय्याला येतो. परंतु पडदा पाहण्याचे काम मनुष्यासच करावे लागते.

एवढ्या तजविजीचे कारण इतिहासात आहे. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर, धुक्यात, केएलएमच्या कप्तानाने उड्डाणानंतरच्या मार्गाविषयी मिळालेल्या सूचनेवरून उड्डाणाची परवानगीच मिळाल्याचे मानले आणि विमान पळवण्यास प्रारंभ केला. त्याला थांबण्यास सांगणारा नियंत्रक आणि आपण अजून पट्टीवरच आहोत असे कळवणारे पॅन ॲमचे विमान, हे दोघे एकाच क्षणी बोलल्यामुळे त्यांचे शब्द कर्कश ध्वनीत अस्पष्ट झाले. दुसरे विमान पट्टीवरून गेले नाही काय, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली, पण कप्तानाने ती निश्चयाने दूर सारली. 583 माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी नाही, असा नियम झाला.

तरीही 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, भूकंपग्रस्तांसाठी मदतीचे सामान नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानास उड्डाणाच्या रांगेत तुमचा पहिला क्रमांक आहे असे सांगून हद्दीपर्यंत येण्यास फर्मावले असता, त्यातील वैमानिकांनी पट्टीत शिरण्याची मुभा मिळाल्याचे धरून चालले. सुमारे 40 सेकंद ते विमान पट्टीवर उभे होते. मनोऱ्यातील पडद्यावर धोक्याचा रंग उमटला होता, पण तो नियंत्रकाच्या ध्यानात आला नाही. आणि त्या टॅक्सीमार्गावरील लाल दिव्यांची रांग दुरुस्तीसाठी बंद होती. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या विमानातील सर्व 379 माणसे पेटत्या विमानातून सुखरूप बाहेर पडली; तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा अंत झाला. पुढे रांगेतला क्रमांक सांगण्याची प्रथा तहकूब झाली, आणि तो पडदा अखंड पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला गेला.

आपणही या संकटापासून दूर नाही. 15 फेब्रुवारी 2020 रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उड्डाणासाठी धावत असलेल्या विमानाच्या वैमानिकास समोर एक जीप व एक मनुष्य दिसला, आणि त्याला वेळेआधीच विमान उचलावे लागले. विमानाच्या सांगाड्यास इजा झाली, तथापि ते दिल्लीस सुखरूप उतरले.

या सर्व प्रसंगांत कोणी ना कोणी काहीतरी गृहीत धरले होते, आणि रेषा, दिवे, उलट उच्चार, पट्टिका हा सारा खटाटोप त्या गृहीत धरण्याच्या सवयीविरुद्धच आहे. म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. जेथे लाल दिव्यांची रांग बसवलेली आहे तेथे ती केवळ धुक्यापावसात न पेटवता अहोरात्र वापरात ठेवावी. दुसरी गोष्ट खर्चाची नाही, पण अधिक अवघड आहे: रेषेपुढे चार हात गेलेल्या चालकाने स्वतः होऊन ती चूक कळवली, तर तिची नोंद शिक्षेसाठी न होता सुधारणेसाठी व्हावी, आणि परवानगीबद्दल संशय येऊन दुसऱ्यांदा विचारणाऱ्यास, त्यापायी विमान दहा मिनिटे रखडले तरी, कोणत्याही वरिष्ठाने जाब विचारू नये. कसुराच्या भीतीने जेथे माणसे गप्प बसतात, तेथे धावपट्टीची हद्द कितीही ठळक रंगवली तरी सुरक्षित राहत नाही.